लस आहे, पण तुमच्या मुलाच्या वयाची आहे का?

या सदरात मी एरवी दात येणं, रात्रीचं जागरण, न थांबणारा खोकला असल्या गोष्टींबद्दल लिहिते. पण २०२२ च्या उन्हाळ्यापासून परदेशातून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे: 'आमचं मूल लहान आहे, कोविडची लस कुठे मिळेल?' मी अमेरिकेत मुलांच्या दवाखान्यात काम करते. पाच वर्षांखालच्या मुलांची लस इथे जून २०२२ मध्ये मंजूर झाली आणि तेव्हापासून ती रोज माझ्या हाताखालून जाते आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर या पत्रांना. पत्रं थोडी कापली आहेत. नियम दिले आहेत ते नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात होते तसे; 'आज', 'अजून', 'सध्या' म्हणजेही तेव्हाचंच. त्यानंतर यातलं बरंच बदललं आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा गेल्या महिन्यात पाच वर्षांचा झाला. लगेच लसीकरण केंद्रावर फोन केला, तर 'तुमचा मुलगा नियमात बसत नाही' असं उत्तर मिळालं. शेजारचा मुलगा ऑगस्टमध्ये पाच वर्षांचा झाला, त्याला मात्र दोन्ही डोस मिळणार! धाकटी मुलगी दोन वर्षांची आहे, तिच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. आम्ही १७ डिसेंबर ते ७ जानेवारी अमेरिकेत बहिणीकडे असू. बहीण म्हणते, कोपऱ्यावरच्या फार्मसीत कुणालाही मिळते. दोघांचंही तिथेच उरकून घेऊ का?
— एक आई, इंग्लंड

उत्तर : फोनवरच्या माणसावर रागावू नका, त्यानं नियम बरोबर सांगितला. तिथली रेघ 'पाच वर्षं पूर्ण' अशी नाही, '३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत पाच वर्षं पूर्ण' अशी आहे. शाळेचं वर्ष मोजतात तशीच. शेजारचा मुलगा रेघेच्या अलीकडे पडला, तुमचा पलीकडे. याला दोन अपवाद आहेत. मुलाला मधुमेह, हृदयविकार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा एखादा आजार असेल, किंवा घरातल्या कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल (कर्करोगाचे उपचार चालू आहेत, अवयव बदलला आहे असं काही), तर पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आजही लस मिळते. यातलं काही असेल तर केंद्राऐवजी तुमच्या जीपीला (नेहमीच्या डॉक्टरांना) फोन करा आणि पहिल्या वाक्यातच आजाराचं नाव सांगा. नसेल तर इंग्लंडात दुसरा रस्ता नाही. पैसे मोजून खाजगीत घेऊ म्हटलं तरी कोविडची लस तिथे विकत मिळत नाही. पाच वर्षांखालच्यांसाठी ब्रिटननं अजून कोणतीच लस मंजूर केलेली नाही, त्यामुळे धाकटीबद्दल तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही यात नवल नाही.

आता अमेरिका. आधी कागदांचं सांगते: अठरा वर्षांखालच्या परदेशी मुलांना इथे यायला लशीची अट नाही. तुम्हा दोघांना मात्र लशीचा दाखला जवळ ठेवावा लागेल.

मुलाची गोष्ट सोपी आहे. फायझरच्या हिशेबात तो ५ ते ११ च्या गटात येतो. त्या गटाला १० मायक्रोग्रॅमचे दोन डोस, मध्ये किमान तीन आठवडे. (मॉडर्नाच्या हिशेबात तोच मुलगा सहा वर्षांखालच्या गटात जातो. त्यांचे २५ मायक्रोग्रॅमचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. एकच मूल एका कंपनीकडे मोठं आणि दुसरीकडे लहान! फोनवर गोंधळ उडतो तो बऱ्याचदा इथेच.) तीन आठवड्यांच्या मुक्कामात बसेल अशी एकच लस आहे, फायझर. कॅलेंडर घेऊन बसा. १८ डिसेंबरला रविवार आहे. फार्मसी रविवारी चालू असेल आणि तुम्ही त्या दिवशी पहिला डोस घेतलात, तर २१ दिवस ८ जानेवारीला भरतात. तुमचं परतीचं विमान ७ तारखेचं. इथे ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधीपर्यंत दिलेला डोस ग्राह्य धरतात, म्हणजे ४ जानेवारीपासून दुसरा डोस मोजला जाईल. पण ही सवलत अडीअडचणीसाठी आहे, तिच्यावर बेत आखू नका. मुलगा उतरल्या उतरल्या सर्दीनं आडवा झाला, पहिला डोस बुधवारवर गेला, की सगळं गणित कोसळतं. परतीचं तिकीट तीन-चार दिवस पुढे ढकलता येत असेल तर तेच करा. ढकललंत तरी दुसरा डोस विमानाच्या आदल्या संध्याकाळी नको. ताप येतो तो बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि तापलेलं मूल मांडीवर घेऊन समुद्र ओलांडण्याची हौस कुणालाच नसते.

धाकटीचं मात्र जमत नाही. तिच्या वयाला फायझरचे ३ मायक्रोग्रॅमचे तीन डोस लागतात: पहिला, तीन आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी तिसरा. एकूण अकरा आठवडे. मॉडर्नाचे दोनच, पण मध्ये चार आठवडे, म्हणजे १८ डिसेंबरला सुरुवात केली तर १५ जानेवारी. चार दिवसांची सवलत धरली तरी तुम्ही तेव्हा इंग्लंडात असाल, आणि तिथे पुढचा डोस द्यायला कुणाकडे लसच नाही. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलांचे सगळे डोस एकाच कंपनीचे असावेत असा इथला नियम आहे, म्हणजे एक इथे आणि एक तिथे असंही चालत नाही. 'निदान एक तरी देऊन टाका' असं पालक म्हणतात. फायझरचा तिसरा डोस आला कुठून, हे अशा वेळी मी त्यांना सांगते. चाचण्यांमध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना ३ मायक्रोग्रॅमचे दोन डोस दिले आणि हवी तेवढी प्रतिकारशक्ती आलीच नाही. मात्रा वाढवावी तर ताप वाढत होता, म्हणून मात्रा तीच ठेवून तिसरा डोस जोडला. दोन डोसांनी जे भागलं नाही ते एकानं भागेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही.

एक दिलासा आहे. मध्ये खंड पडला तरी आधीचा डोस वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा येणार असाल आणि ते पक्कं असेल, तर आता पहिला आणि तेव्हा दुसरा (मॉडर्ना) असं करता येईल. नक्की नसेल तर थांबा. युरोपीय औषध संस्थेनं १९ ऑक्टोबरला सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी या दोन्ही लशींची शिफारस केली आहे, ब्रिटनचा निर्णय यायचा आहे. दोन वर्षांच्या निरोगी मुलीला कोविडनं गंभीर आजार होण्याची शक्यता मुळात कमी असते. मी रोज ही लस टोचते, टोचावी असंही माझं मत आहे, पण निव्वळ तिच्यासाठी मुक्काम महिनाभर वाढवा असं मी म्हणणार नाही.

आता बहिणीच्या फार्मसीबद्दल. मुलासाठी चालेल. मुलीसाठी नाही, कारण फार्मासिस्टना कोविडची लस द्यायची परवानगी तीन वर्षांपासून पुढे आहे. त्याखालच्या मुलाला मुलांचा दवाखाना किंवा काउंटीचं (जिल्ह्याचं) आरोग्य खातं गाठावं लागतं, आणि बरेच दवाखाने फक्त आपल्याकडे नोंदलेल्या मुलांनाच देतात. याचं कारण आडमुठेपणा नाही, बाटली आहे. लहान मुलांच्या फायझरची बाटली गडद लालसर, मरून टोपणाची. आत जेमतेम चार थेंब दिसतात. त्यात २.२ मिलिलिटर सलाईन घालायचं, बाटली हलवायची नाही, सावकाश दहा वेळा उलटीसुलटी करायची, मग ०.२ मिलिलिटरचे दहा डोस निघतात. सलाईन घातल्यापासून बारा तासांत ते संपवायचे, नाहीतर फेकायचे. एका मुलासाठी बाटली उघडली की नऊ डोसांची चिंता. म्हणून आमच्या दवाखान्यात मंगळवारी दुपारी आणि शनिवारी सकाळीच लहानांची लस असते आणि रिसेप्शनवरची बाई यादीत दहा नावं भरेपर्यंत कुणाला हो म्हणत नाही. नऊ भरली की ती स्वतः फोन करून दहावं मूल शोधते! तुम्ही पाहुणे म्हणून फोन करताना 'लस आहे का' असं विचारू नका. 'सहा महिने ते चार वर्षांची फायझर कोणत्या दिवशी देता, आणि दहावं नाव लागलं तर आम्हाला बोलवाल का' असं विचारा. व्हॅक्सिन्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकून वयोगटानुसार लस निवडता येते. 'फायझर' एवढंच पाहून थांबू नका, कंसातलं वय वाचा.

लशीचे पैसे नाहीत. ती सरकारनं विकत घेतलेली आहे आणि टोचण्यासाठीही पालकांकडून पैसे घ्यायला मनाई आहे. फॉर्मवर विम्याची माहिती मागतील, तिथे 'विमा नाही' लिहा. मात्र 'आलोच आहोत तर जरा कान पण बघा' म्हणालात तर त्या तपासणीचं बिल वेगळं येईल, आणि ते गोड नसेल. आई-बाबांपैकी एकानं बरोबर जायचं, मावशीवर सोपवायचं असेल तर तुमचं सहीचं पत्र तिच्याकडे हवं. लशीच्या पांढऱ्या नोंद-कार्डावर लशीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, तिथेच फोटो काढा. तारखेकडे डोळ्यांत तेल घालून बघा. इथे महिना आधी लिहितात. ०१/०८ म्हणजे इथल्या नर्ससाठी ८ जानेवारी आणि तुमच्या जीपीसाठी १ ऑगस्ट. जन्मतारखेचंही तेच. मी स्वतः ०५/०८ जन्मलेल्या एका मुलाला दोन वेगवेगळ्या वयांचा होताना कागदावर पाहिलं आहे. महिना अक्षरांत लिहायला सांगा.

प्रश्न : नोकरीसाठी आम्ही पश्चिम आफ्रिकेत आहोत. इथे मोठ्यांचीच फायझर आहे, जांभळ्या टोपणाची. मुलगी चार वर्षांची, सुदृढ. ओळखीचे डॉक्टर म्हणतात, मोठ्यांचा डोस ३० मायक्रोग्रॅमचा, लहानांचा ३ चा, तर मी दहावा हिस्सा टोचतो, कुणाला सांगू नका. पत्नी तयार आहे, मला धीर होत नाही. आणि आपल्या दूतावासातून काही सोय होते का?
— एक वडील

उत्तर : तुमचा धीर होत नाही तेच बरोबर आहे. डॉक्टरांचं गणित चुकलेलं नाही, पण हिशेब आणि सुई यांत फरक असतो. जांभळ्या टोपणाच्या बाटलीतला मोठ्यांचा डोस ०.३ मिलिलिटरचा. त्याचा दहावा हिस्सा ०.०३ मिलिलिटर. एक मिलिलिटरची सगळ्यात बारीक सिरिंज घेतली तर तिच्यावरच्या तीन बारीक रेघा. सुईच्या बुडाशी जी पोकळी असते तिच्यात याहून जास्त औषध अडकून राहू शकतं. म्हणजे डॉक्टर कितीही कुशल असले तरी मुलीला तीन मायक्रोग्रॅम गेले, सहा गेले, की काहीच गेलं नाही, हे कुणालाच कळणार नाही. मरून टोपणाची बाटली याचसाठी वेगळी बनवली आहे. तिच्यातलं मिश्रण पातळ असतं आणि ०.२ मिलिलिटर नीट मोजता येतं. आणि 'कुणाला सांगू नका' म्हणजे कागद मिळणार नाही. कागद नसलेला डोस पुढे कोणताही देश मोजत नाही.

हेही सांगते की हा विचार फक्त तुमच्या डॉक्टरांच्याच डोक्यात आलेला नाही. २०२२ च्या सुरुवातीला, लहानांची लस मंजूर होण्याआधी, जर्मनीत काही डॉक्टरांनी पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या लशीतून कमी मात्रा दिल्या होत्या. पण ते उघडपणे, पालकांची लेखी संमती घेऊन आणि नोंद ठेवून. तुमच्यापुढे जे ठेवलं आहे ते तसं नाही.

फायझर सोडून दुसरा एक प्रश्न स्थानिक आरोग्य खात्याला विचारा: सायनोफार्म किंवा सायनोव्हॅक तुमच्याकडे आहे का, आणि कोणत्या वयापासून? मृत विषाणूपासून बनवलेल्या या लशी काही देशांनी तीन वर्षांपासून दिल्या आहेत. चीननं २०२१ मध्येच ३ ते ११ च्या मुलांना सुरू केल्या, संयुक्त अरब अमिरातीत सायनोफार्म तीन वर्षांपासून मंजूर आहे, चिलीनं सायनोव्हॅक तीन वर्षांपासून दिली, हाँगकाँगनं तर ऑगस्ट २०२२ मध्ये ती सहा महिन्यांपर्यंत खाली आणली. सायनोव्हॅकची मात्रा लहानांना आणि मोठ्यांना तीच असते, त्यामुळे दहावा हिस्सा काढण्याचा प्रश्नच येत नाही. तुम्ही राहता त्या देशानं ती चार वर्षांच्या मुलाला मंजूर केली आहे का, एवढंच पाहायचं. केली नसेल तर डॉक्टरांनी 'चीनमध्ये देतात की' म्हणून टोचावी असंही नाही.

शेजारच्या देशात, किंवा सिंगापूरला जाऊन घेऊ का, असं बरेच जण विचारतात. सिंगापूरनं २५ ऑक्टोबरपासून सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांना मॉडर्ना सुरू केली आहे, पण ती तिथले नागरिक, कायम रहिवासी आणि दीर्घ मुदतीचा परवाना असलेल्यांच्या मुलांसाठी. जपानचंही तसंच, तिथे तुमचा पत्ता नोंदलेला लागतो. पाहुण्याला दार उघडं असलेले देश फार थोडे, आणि दोन-तीन डोसांसाठी तितक्यांदा विमानप्रवास करायचा तर वाटेत कोविड गाठण्याचीच संधी जास्त.

दूतावास: नाही. फ्रान्सनं परदेशातल्या आपल्या नागरिकांसाठी लशी पाठवल्या, चीननंही तशी मोहीम काढली, म्हणून ही अपेक्षा असते. आपल्या दूतावासात लस मिळत नाही.

मुलगी सुदृढ आहे असं तुम्ही लिहिलं आहे. मग मी तुमच्या जागी असते तर तुम्ही दोघं, घरात कामाला येणाऱ्या बाई आणि गाडी चालवणारे, यांचे डोस आणि बूस्टर पूर्ण आहेत ना हे आधी पाहिलं असतं. आणि मुलीची गोवराची लस. ती राहिली असेल तर कोविडच्या आधी ती. आफ्रिकेत लहान मुलाच्या बाबतीत मला गोवराची धास्ती जास्त वाटते.

प्रश्न : जपानमध्ये राहतो. मुलगा पावणेपाच वर्षांचा, फेब्रुवारीत पाचचा होईल. ऑक्टोबरच्या शेवटी लहानांची लस सुरू झाली म्हणतात, पण आम्हाला लशीचं कूपन आलंच नाही. आता पाच पूर्ण होईपर्यंत थांबून दोनच डोसांत काम करावं का? मध्येच पाचचा झाला तर पहिले डोस फुकट जातील का?
— एक आई

उत्तर : कूपन नगरपालिका पाठवते, तेही जिथे तुमचा रहिवास नोंदलेला आहे त्या पत्त्यावर. नुकतंच घर बदललं असेल तर नव्या नगरपालिकेत स्वतः जाऊन मागावं लागतं, आपोआप येत नाही. परदेशी असल्यानं काही अडत नाही, नोंद असली की झालं. जाताना माता-बाल पुस्तिका घेऊन जा (तिकडे तिला बोशी तेचो म्हणतात). आधीच्या सगळ्या लशी तिच्यात असतात आणि लस टोचणारे डॉक्टर ती मागतातच.

डोस फुकट जात नाहीत. जपानमध्ये पहिल्या डोसच्या दिवशीचं वय धरतात. चार वर्षांचा असताना सुरुवात केली, तर मध्ये पाचवा वाढदिवस आला तरी उरलेले डोस लहानांच्याच लशीचे.

थांबावं का, याचं उत्तर तारखेत आहे. तिथली मोफत लसीकरणाची मुदत सध्या ३१ मार्च २०२३ पर्यंत आहे. तीन डोसांना अकरा आठवडे, म्हणजे सत्याहत्तर दिवस. उलटं मोजत या: पहिला डोस उशिरात उशिरा १३ जानेवारीला. पाच पूर्ण होण्याची वाट पाहिली तर फेब्रुवारीत सुरू करून दोन डोस तीन आठवड्यांत बसतात, म्हणजे तोही रस्ता मुदतीत आहे, पण मग एखाद्या तापानं पंधरा दिवस गेले तर धावपळ होईल. मी आत्ताच सुरू केलं असतं. ऐन हिवाळ्यात मुलाला काहीतरी संरक्षण असेल.

जपानची एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते. तिथे कोविडची लस आणि दुसरी कुठलीही लस यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात, फ्लूची तेवढी चालते. तुमच्या मुलाची जपानी मेंदूज्वराची लस बाकी असेल तर ती तीन डोसांच्या मधल्या आठ आठवड्यांत बसवा. इतर देशांत आम्ही एकाच दिवशी दोन दंडांवर दोन लशी देतो, तिथे ते मागू नका, मिळणार नाही.

प्रश्न : जर्मनीत आमच्या सहा वर्षांच्या मुलीला एकच डोस दिला आणि 'झालं' म्हणाले. जानेवारीत आम्ही कॅनडाला राहायला जातोय. तिथे अर्धवट समजून अडवतील का?
— एक वडील

उत्तर : अडवणार नाहीत. कॅनडानं सीमेवरच्या कोविडच्या सगळ्या अटी १ ऑक्टोबरला उठवल्या. एक डोस ही तुमच्या डॉक्टरांची मर्जी नव्हे. जर्मनीच्या लसीकरण समितीनं मे महिन्यात ५ ते ११ वयाच्या निरोगी मुलांसाठी एकाच डोसाची शिफारस केली, कारण बहुतेक मुलांना तोपर्यंत संसर्ग होऊन गेलेला होता आणि संसर्ग अधिक एक डोस पुरेसा आहे असं त्यांचं म्हणणं. डेन्मार्कनं तर जुलैपासून अठरा वर्षांखालच्यांना सरसकट लस देणंच थांबवलं. कॅनडा या वयाला दोन डोस सांगतो, मध्ये आठ आठवडे. तिघांपैकी कुणी मूर्ख नाही, प्रत्येकानं आपल्याकडची आकडेवारी वेगवेगळ्या तराजूत घातली आहे.

तुमच्यासाठी व्यवहार एवढाच: पिवळी लसपुस्तिका हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. तिच्यावर लशीचं नाव आणि बॅचचा स्टिकर आहे ना ते निघण्याआधी बघा. प्रांताचं आरोग्य कार्ड निघालं की दुसरा डोस घ्या, आठ आठवडे केव्हाच होऊन गेलेले असतील. मुलीला हल्लीच कोविड झाला असेल तर तिथल्या नर्सला तारीख सांगा, ती अंतर ठेवायला सांगेल.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा नातू चार वर्षांचा, परदेशात वाढतो. तिकडे लस मिळत नाही म्हणून सून काळजीत असते. ते फेब्रुवारीत भारतात येणार आहेत. इथे आमच्या डॉक्टरांकडून देऊन घेऊ का? कोवॅक्सिन लहान मुलांना चालते असं वाचलं.
— एक आजी

उत्तर : आजी, तुम्ही वाचलं ते अर्धं खरं आहे. औषध नियंत्रकांनी २६ एप्रिलला कोवॅक्सिनला सहा ते बारा वर्षांसाठी आणि कॉर्बेव्हॅक्सला पाच ते बारा वर्षांसाठी परवानगी दिली, पण सरकारी मोहिमेत आजही बारा वर्षांपासून पुढेच लस आहे. आणि नातू चार वर्षांचा, म्हणजे परवानगीच्याही खाली. कोणी ओळखीवर देतो म्हणाला तर नको म्हणा.

तुमच्याकडून एक काम मात्र होईल. नातवाचा जन्म इथला असेल आणि पहिल्या लशींचं कार्ड तुमच्या कपाटात असेल, तर ते शोधून सुनेला त्याचा स्वच्छ फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा. परदेशातले दवाखाने नोंदणी करतानाच ते कार्ड मागतात आणि नसेल तर आधीच्या लशी पुन्हा द्यायला बघतात. कार्डावरचं मराठी अक्षर त्यांना वाचता येणार नाही, तेव्हा प्रत्येक लशीचं नाव आणि तारीख शेजारी इंग्रजीत कुणाकडून तरी लिहून घ्या. आणि फेब्रुवारीत ते यायच्या आधी तुमचा स्वतःचा बूस्टर राहिला असेल तर तो घेऊन टाका.